धक्का स्टार्ट

गाडी बंद पडली की बदलापुरातल्या आमच्या मांजर्लीत माणसं न बोलावता येतात. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर एखादी जुनी गाडी आचके देत थांबते, मागे रिक्षांची रांग लागते, हॉर्न सुरू होतात. त्या गोंगाटातच वडापावच्या गाडीपाशी उभा असलेला एक जण हातातला कागद चुरगाळून खिशात कोंबतो आणि डिकीला हात लावतो. मग दुसरा येतो. मग क्लासहून परतणारी दोन पोरं. "दुसरा टाका, क्लच दाबून धरा," कुणीतरी खिडकीतून आत सांगतं. चार पावलं, आठ पावलं, गाडी जरा पळायला लागते, "सोडा!" असा आवाज होतो, क्लच सुटतो, एरवी इंजिन चाकांना फिरवतं ते आता चाकं इंजिनाला फिरवतात, एक हिसका, एक भपकारा, आणि गाडी निघून जाते. ढकलणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. चालकाचा हात खिडकीतून बाहेर येऊन हलतो, तेवढंच. पण मागे राहिलेले सगळे हसत असतात. गुडघे धरून, धापा टाकत, एकमेकांना न ओळखता.

मला त्या हसण्याबद्दल लिहायचं आहे. ज्या पुस्तकाला ही प्रस्तावना जोडली आहे त्यातले सगळे सिनेमे मोटारींच्या धावपळीचे आणि शर्यतींचे आहेत, विनोदी आहेत, आणि विनोद कुठे थांबवायचा याची त्यांना अजिबात फिकीर नाही. घरातली वडीलधारी माणसं ज्यांना "काय आचरटपणा लावलाय" म्हणून टीव्ही बंद करायला सांगतात, ते हे सिनेमे. ‘आचरट’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो. मराठीत पाचकळ आणि आचरट यांत फरक आहे. पाचकळ विनोद कमी पडलेला असतो; करणाऱ्याला पुरेसं सुचलेलं नसतं. आचरट विनोद उतू गेलेला असतो. दूध उतू गेलं की शेगडी खराब होते, पण घरात दूध आहे हे अख्ख्या मजल्याला कळतं.

हे पुस्तक जमलं ते एका पावसाळ्यात. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे सलग अकरा रविवार आम्ही पांढरी चादर ताणून, मागून आणलेल्या छोट्या प्रोजेक्टरवर हे सिनेमे पाहिले. पाहणाऱ्यांत कुर्ल्याच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते, चित्रपटकलेचा अभ्यास करणारी एक मुलगी होती, तिची आजी होती, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री होते. दर रविवारी पाहून झाल्यावर कुणीतरी एकाने टिपण लिहायचं ठरलं होतं. ती टिपणं म्हणजे हे पुस्तक. लिहिणाऱ्यांपैकी एकीचा अपवाद सोडला तर कुणीच लेखक नाही, आणि त्यामुळेच त्यांना दिसलेल्या गोष्टी मला कुठे छापलेल्या सापडल्या नव्हत्या. काकांनी एका प्रसंगाबद्दल लिहिलंय की नायक जो गिअर टाकतो त्या गिअरमध्ये तो चढ चढणं शक्यच नाही, आणि तरीही तो चढतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं. या "तरीही"मध्ये सगळा विषय आहे.

आमच्या गावाचं नावच वाहनावरून पडलं असं सांगतात. कोकणातून घाटावर जाणारे स्वार इथे दमलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. आख्यायिका आहे, कागद दाखवता येणार नाही. पण मला ती खरी वाटावीशी वाटते, कारण तिच्यातही थांबणंच आहे. धावणाऱ्या घोड्यांवरून गावांची नावं पडत नाहीत. जिथे धावणं थांबतं, जीन उतरतं, पाणी पाजलं जातं, तिथे गाव वसतं.

आणि आमचे हे सिनेमे, नीट पाहिलं तर, धावण्याचे नाहीतच. ते थांबण्याचे आहेत.

अगदी मुळापासून बघा. चॅप्लिनचा तो ढगळ विजारीचा, छडीवाला, वाकड्या चालीचा भटक्या प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा आला तो ७ फेब्रुवारी १९१४ रोजी, ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ या छोट्या फितीत. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावात लहान मुलांच्या छोट्या मोटारींची खरी शर्यत भरली होती, गर्दीही खरी होती. त्या गर्दीत कंपनीने कॅमेरा उभा केला आणि चॅप्लिनला सोडलं. गोष्ट एवढीच, की शर्यतीचं चित्रण करायचं आहे आणि हा माणूस सारखा मध्ये येतो. दिग्दर्शक त्याला ढकलतो, तो पुन्हा येतो. गाड्या त्याच्या मागून सुसाट जातात आणि तो कॅमेऱ्याकडे बघत उभा. गर्दीतल्या लोकांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. आधी ते वैतागलेले दिसतात, मग हळूहळू हसायला लागतात. जगातला सगळ्यात लाडका विदूषक जन्माला आला तो मोटारींच्या शर्यतीत, आणि आला तो अडथळा म्हणून. त्याच सुमारास इकडे दादासाहेब फाळके ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ ही छोटी विनोदी फीत दाखवत होते. देवादिकांच्या कथेबरोबर आचरटपणाची एक पुडी द्यावी हे त्यांनाही कळलं होतं. आपल्याकडे तर ती रीतच आहे: गण झाला, गवळण झाली की बतावणी येते, सोंगाड्या राजालाही सोडत नाही. अतिरेक ही मराठी विनोदाला बाहेरून लागलेली सवय नव्हे. गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ वाचलेल्या माणसाला तरी ते वेगळं सांगायला नको.

पुस्तकातलं सगळ्यात लांब टिपण १९६५ च्या ‘द ग्रेट रेस’वर आहे, आणि ते तसं असायलाच हवं होतं. ब्लेक एडवर्ड्सचा हा सिनेमा: टोनी कर्टिस पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नायक, जॅक लेमन काळ्या कपड्यांतला खलनायक प्राध्यापक फेट, नॅटली वुड वार्ताहर. न्यूयॉर्क ते पॅरिस मोटारशर्यत. मध्येच क्रीम भरलेल्या ‘पाय’ नावाच्या खाद्यपदार्थाची मारामारी येते. ती चित्रित करायला पाच दिवस लागले आणि सुमारे ४,००० पाय खर्ची पडले. सुरुवातीलाच हा सिनेमा लॉरेल आणि हार्डी यांना अर्पण केलेला आहे. आमच्या खोलीत ही मारामारी चालू असताना आजी डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "अन्न वाया घालवू नये पण." आणि पुन्हा हसू लागल्या. दोन्ही मनापासून.

हा सगळा बनाव वाटतो, पण मुळात तशी शर्यत खरोखर झाली होती. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून सहा मोटारी पॅरिसला निघाल्या. तीन फ्रेंच, एक इटालियन, एक जर्मन, एक अमेरिकन. रस्ते नव्हतेच. बर्फातून, चिखलातून, काही ठिकाणी रेल्वेच्या स्लीपरांवरून गाड्या हाकल्या, प्रशांत महासागर जहाजातून ओलांडला, सैबेरिया पार केला. जर्मन प्रोटोस गाडी २६ जुलैला पॅरिसात पहिली पोचली. अमेरिकन थॉमस फ्लायर चार दिवसांनी, ३० जुलैला. आणि जिंकली थॉमस. कारण प्रोटोस वाटेत काही अंतर आगगाडीवर चढवली होती म्हणून तिला दिवसांचा दंड होता, आणि थॉमसला अलास्काच्या फेऱ्यापायी सूट होती. पहिला आला तो दुसरा ठरला. पॅरिसच्या वेशीवर तर आणखी एक गंमत झाली: १६९ दिवस जग तुडवून आलेल्या थॉमसला पोलिसाने अडवलं, दिवा नाही म्हणून. शेवटी एका सायकलवाल्याने आपली दिव्यासकट सायकल दिली, ती बॉनेटवर ठेवली, आणि त्या उजेडात विजेती गाडी शहरात शिरली.

हे वाचल्यापासून मला ‘अतिशयोक्ती’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो. एडवर्ड्सने क्रीमचे चार हजार पाय फेकले, तरी त्या सायकलच्या दिव्याच्या वर तो जाऊ शकलेला नाही. पण त्याने एक मोठी गोष्ट केली. सिनेमाच्या शेवटी, आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, रेघ चार हातांवर असताना नायक आपली गाडी थांबवतो. जिच्यावर प्रेम आहे तिला ते पटावं म्हणून. खलनायक मागून येतो आणि जिंकतो. क्षणभर हुरळतो, आणि मग संतापतो: मला असं दिलेलं नको, पुन्हा शर्यत लावा! मला शर्यतीवरच्या कुठल्याही गंभीर सिनेमात याहून खरा प्रसंग आठवत नाही. मोटारीने माणसाला दिलेला सगळा मद त्या थांबलेल्या चाकांखाली येतो, आणि हे सगळं आपण पोट धरून हसत पाहत असतो.

आता आपल्याकडचा सिनेमा.

‘चलती का नाम गाडी’, १९५८, दिग्दर्शक सत्येन बोस. खांडव्याचे तीन गांगुली बंधू, अशोककुमार, किशोरकुमार आणि अनुपकुमार, पडद्यावरही तीन भाऊ झाले आणि मुंबईत गॅरेज चालवू लागले. नाव चालत्या गाडीचं, पण गोष्ट सुरू होते बंद पडलेल्या गाडीने. पावसाची रात्र, मधुबालाची गाडी बिघडते, ती भिजत गॅरेजात येते, झोपेतून उठलेला किशोरकुमार गाडी दुरुस्त करतो, आणि ती पैसे द्यायचेच विसरून निघून जाते. पाच रुपये बारा आणे. त्या वसुलीपायी पुढचा सगळा गोंधळ. यात शर्यतही आहे, आणि तीत या भावांची खटारा मोटार उतरते तेव्हा आमच्या खोलीत एकही माणूस दुसऱ्या कुठल्या गाडीच्या बाजूने नव्हता.

इथे मिस्त्रींचं टिपण वाचण्यासारखं आहे. ते लिहितात की या सिनेमात हत्यारं खरी हाताळली जातात. बॉनेट उघडल्यावर माणूस पहिल्यांदा काय बघतो, पाना कुठे ठेवतो, हात कशाला पुसतो, हे बारकावे किशोरकुमारने सोडलेले नाहीत. भोवती पाऊस, गाणं, मधुबाला, सगळं स्वप्नातलं. पण हात गॅरेजातले. मला वाटतं आचरट सिनेमाचा पायाच हा आहे. उडी जितकी अचाट, तितकी जमीन घट्ट लागते. अशोककुमार हा त्या काळचा भारदस्त नट. बायकांचं नाव काढलं की भडकणारा मुष्टियोद्धा थोरला भाऊ त्याने असा उभा केला आहे की त्या माणसाचं दुःख खरं वाटतं. आपण विनोदी सिनेमात आहोत याची त्याने एका कटाक्षानेही कबुली दिलेली नाही. जे नट डोळे मिचकावून "बघा हं, मी गंमत करतोय" असं सांगतात, त्यांच्या सिनेमांना या पुस्तकात जागा दिलेली नाही, आणि ते मला पूर्ण पटलं.

हेच तीन भाऊ ४९ वर्षांनी मराठीत आले. ‘साडे माडे तीन’, २००७, दिग्दर्शक अंकुश चौधरी. थोरला अशोक सराफ, त्याच्या पाठचे दोघे भरत जाधव आणि मकरंद अनासपुरे. दादामुनी अशोककुमारच्या जागी अशोकमामा सराफ, नावही तेच. हिंदीतल्या थोरल्याच्या रागात एक श्रीमंत एकटेपण होतं. अशोक सराफांनी तो राग चाळीत आणला. घरातल्या धाकट्यांसाठी स्वतःचं सगळं बाजूला ठेवलेला, आणि त्याबद्दल कुणी आभार मानलेले नाहीत म्हणून सारखा खेकसणारा भाऊ; असा एक तरी माणूस प्रत्येक मराठी नात्यागोत्यात असतो. म्हणून मराठीत पाहताना हसू थोडं दाटून येतं. सिनेमा म्हणून मूळचा हिंदी थोर आहे, यात वाद नाही. पण खोलीतल्या आजींनी "हा आमचा" म्हटलं ते मराठी सिनेमाला.

त्याच २००७ मध्ये ‘धमाल’ही आला. गाडलेल्या पैशांसाठी गोव्याकडे निघालेल्या चार मित्रांची आणि एका पोलिसाची धावाधाव. १९६३ च्या ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ची आठवण ठेवून केलेला. त्यावरचं टिपण छोटं आहे. छोटंच पुरे होतं.

माझ्या मनात या सगळ्यांशेजारी एक सिनेमा नसलेली गोष्ट कायम असते: पु. लं.ची ‘म्हैस’. मराठीतली वाहनावरची सगळ्यात लाडकी विनोदी कथा, आणि तीत वाहन काय करतं? एसटी थांबते. म्हैस आडवी येते आणि अख्खा समाज बसमधून खाली उतरून रस्त्यावर उभा राहतो. धावत्या बसमध्ये हे प्रवासी एकमेकांशी बोलले नसते. ‘टूर टूर’ नाटकातही रंगमंचावर बस नव्हती. पोरं होती, खुर्च्या होत्या, आणि तेवढ्यात प्रवास उभा राहायचा. वाहन थांबलं किंवा मोडलं किंवा मुळात नसलंच, की माणसं दिसू लागतात, हे मराठी लेखकांना फार आधी उमगलेलं आहे.

आम्हाला बदलापुरात ते पाण्याने शिकवलं. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या जुन्या माणसांना तारखेसकट आठवतो. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी पुन्हा चढली. मुंबईहून २६ तारखेच्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ती बातमी देशभर गेली. मांजर्लीतल्या पार्किंगमध्ये काय झालं ते मात्र आम्हीच पाहिलं. पाणी ओसरल्यावर गाड्यांवर चिखलाची एक सारखी रेघ उमटली होती. महागडी आणि स्वस्त, नवी आणि जुनी, सगळ्यांच्या अंगावर त्याच उंचीवर. आणि मिस्त्री गुडघाभर चिखलातून या इमारतीतून त्या इमारतीत ओरडत फिरत होते, "सेल्फ मारू नका! कुणीही सेल्फ मारू नका!" इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जातं. त्या दिवशी त्यांनी किती गाड्या वाचवल्या याची मोजदाद नाही. पुढचे दोन आठवडे सगळ्या गल्ल्यांत गाड्यांच्या सीटा उन्हात वाळत घातल्या होत्या, पापडांसारख्या. एकीच्या डिकीतून जिवंत बेडूक निघाला आणि त्याला बघायला चाळीस माणसं जमली. घरात चिखल होता, धान्य भिजलं होतं, तरी माणसं त्या बेडकाला हसली. ते हसणं विसरल्याचं नव्हतं.

मिस्त्रींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी ती लिहू दिली आहे.

त्यांचा धाकटा भाऊ माझा शाळासोबती. बाविसाव्या वर्षी तो कर्जतच्या रस्त्यावर गेला. तीन मोटरसायकली, वांगणीपर्यंत लावलेली शर्यत, ओला रस्ता. त्यानंतर कितीतरी वर्षं मला पडद्यावर चाकांचा कर्कश आवाज झाला तरी उठून जावंसं वाटे. म्हणून हे रविवार ठरले तेव्हा मिस्त्री येतील असं मला वाटलं नव्हतं. ते पहिल्या रविवारी आले, सगळ्यात मागे बसले, आणि गाडी कड्यावरून कोसळून नायक धूळ झटकत उभा राहिला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं असावं. ते म्हणाले, "इथे सगळे उठतात ना."

या वाक्यानंतर मी त्या सिनेमांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. शर्यतीत माणसं मरतात हे जगाला माहीत होतं. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या दहा वर्षांत ‘मॅड वर्ल्ड’ आणि ‘ग्रेट रेस’ आले. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांतली ती छायाचित्रं पाहिली होती, त्यांनीच थेटरात बसून शंभर गाड्या आपटताना पाहिल्या आणि शंभर माणसं काजळी पुसत उठताना पाहिली. या उठण्याला कुणी भाबडेपणा म्हटलं तर मी भांडेन. आणि पोरांवर परिणामाचं म्हणाल, तर शर्यतींचे देखणे, गंभीर, चकाचक सिनेमे पाहून आलेली मुलं सायलेन्सर काढून द्या म्हणत गॅरेजात येतात, हे मिस्त्रींनी आपल्या टिपणात स्पष्ट लिहिलंय. प्राध्यापक फेट पाहून आजवर कुणी आलेलं नाही. वेगाला जिथे हसलं जातं, तिथे वेगाची नशा चढत नाही. (मिस्त्री सायलेन्सर काढून देत नाहीत. किती पैसे दिले तरी.)

आमच्या ठाणे-रायगड पट्ट्यातली शर्यत म्हणजे खरं तर बैलगाड्यांची. भात कापून झालेली शेतं, धुरळा, लाऊडस्पीकरवरचा समालोचक, आणि मध्येच बिथरून भलत्या दिशेला पळालेली जोडी, जिच्यासमोरून सगळी गर्दी हसत ओरडत फाकते. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. काकांच्या घरी बैल होते. ते लिहितात की त्यांना त्या गर्दीची ओढ आहे, पण शेपटी पिरगाळलेल्या बैलाचा डोळा त्यांनी जवळून पाहिलेला आहे, आणि तो डोळा त्यांना नीट हसू देत नाही. मोटारीला डोळा नाही. पत्रा चेपला तर ठोकून सरळ होतो. कुर्ल्याला त्यांनी फियाटची दारं बसवली, नंतर तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली, २००१ पर्यंत निघत राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पत्र्यावर इतका जीव असलेला माणूस पत्रा चेपताना पाहून हसतो, कारण तो बसवायचा कसा हे त्याला येतं.

वाचकांना एकच विनंती. हे सिनेमे एकट्याने, मोबाइलवर, कानात बोंडं घालून पाहू नका. मी तसं करून पाहिलं. ‘ग्रेट रेस’ मला लांबलेला, अधूनमधून कंटाळवाणा वाटला. तोच सिनेमा खोलीत तीस माणसांत पाहिला आणि घसा बसला. पहिला जण हसतो, तेव्हा विनोद अजून थंडच असतो. दुसरा हसतो, मग कोपऱ्यातली दोन पोरं, मग आजी; आणि एका क्षणी हसू आपलं आपण धरतं, मग त्याला कुणाची गरज उरत नाही. असे सिनेमे सेल्फवर चालू होत नाहीत.

अकराव्या रविवारी ‘ग्रेट रेस’ दुसऱ्यांदा लावला होता. बाहेर मुसळधार. शर्यत पॅरिसजवळ आली आणि वीज गेली. वीस-पंचवीस मिनिटं उरलेली. ज्यांनी आधी पाहिला होता ते शेवट सांगायला लागले, आणि ज्यांनी पाहिला नव्हता ते त्यांना गप्प करू लागले. मिस्त्री उठले, काकांकडून किल्ली घेतली, आणि पावसात जाऊन काकांच्या जुन्या पद्मिनीची बॅटरी काढून आणली. गॅरेजातून छोटा इन्व्हर्टर आला. चादर पुन्हा उजळली. टोनी कर्टिसने रेघेपाशी गाडी थांबवली. प्राध्यापक फेटने तोफ डागली आणि आयफेल टॉवर कोसळला.

रात्री साडेदहाला बॅटरी परत जाग्यावर बसवली. पार बसली नव्हती, पण सेल्फ फिरवण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता. काका आत, स्टिअरिंगच्या बाजूला असलेल्या गिअरवर हात. मागे आम्ही अकरा जण, आणि सगळ्यात डावीकडे, साडीचा ओचा खोचून, आजी. क्लच कधी सोडायचा ते ओरडून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)